पाठीमागचं चित्र कोणासाठी?

जोह्यात डोळे सगळ्यात शेवटी येतात. मूर्ती साच्यातून निघते, सांधे भरले जातात, पॉलिश पेपरने घासून अंग गुळगुळीत होतं. मग अंगाचा रंग, मग पितांबर, शेला, मग दागिन्यांचं सोनेरी काम. हे सगळं वाळलं की हात न थरथरणारा एखादा माणूस बारीक ब्रश घेऊन मूर्तीसमोर बसतो. या कामाला आखणी म्हणतात, आणि पेणच्या गणपतीचं नाव बरंचसं या आखणीवर उभं आहे. पेण तालुक्यातल्या जोहे, हमरापूर, कळवे, तांबडशेत, दादर या पट्ट्यात ‘कारखाना’ म्हटलं की कुणाला यंत्रं आठवत नाहीत, गणपती आठवतात.

अशा एका कारखान्यात आखणी करणारा मामा आणि प्राणिशास्त्र शिकून घरी गप्पी मासे पाळणारी त्याची भाची यांच्यात एका काचेच्या टाकीवरून वाद झाला. दोघंही या लेखापुरती रचलेली पात्रं आहेत. वाद मात्र रचावा लागला नाही. रंग देणारा आणि जीव पाळणारा एका टाकीपाशी उभे राहिले की तो आपोआप सुरू होतो.

टाकी साधीच. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर साडेछप्पन लिटर. पाणी, वाळू, दगड धरले की वजन पन्नास किलोच्या वर जातं आणि एकदा जागेवर ठेवलेली टाकी पुन्हा हलत नाही. तेव्हा मागची काच रंगवायची तर ती टाकी रिकामी असतानाच. त्या काचेतून सध्या भिंतीवरचा स्विचबोर्ड, पंपाची वायर आणि कॅलेंडरचा खिळा दिसत होता. हे झाकायला हवं, एवढ्यावर मामा-भाचीचं एकमत होतं. पुढे नाही.

“दुकानात पोस्टर मिळतं फुटावर,” मामा म्हणाला. “चिकटपट्टीनं लावलं की झालं. त्यासाठी मला कशाला बोलावलंस?”

“पोस्टर समोरून ठीक दिसतं. आता बाजूच्या काचेतून बघा.”

मामानं शेजारच्या घरातल्या पोस्टरवाल्या टाकीकडे बाजूनं पाहिलं. निळा समुद्र गायब. तिथे नुसता चंदेरी आरसा, आणि त्यात तेच मासे दुसऱ्यांदा पोहताना.

यात जादू काही नाही. पाण्यातला प्रकाशकिरण हवेच्या सीमेवर फार तिरका येऊन आदळला, म्हणजे साधारण 48.6 अंशांहून जास्त कललेला असला, तर तो बाहेर पडतच नाही. पूर्णच्या पूर्ण आत परततो. पोस्टर कितीही घट्ट ताणून लावलं तरी कागद आणि काच यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहतो, आणि किरण तिथूनच माघारी फिरतो. म्हणून काही हौशी माणसं पोस्टर लावताना काचेला तेल किंवा ग्लिसरिन चोपडतात. हवेची जागा तेल घेतं आणि आरसा मावळतो. काही महिन्यांत कागदाला तेलाचे डाग पडतात, ते वेगळं. रंगाचं तसं नाही. तो ओला असतानाच काचेला बिलगतो, मध्ये हवा उरतच नाही.

“आपण निदान समोर उभे राहतो,” भाची म्हणाली. “मासा कायम आत. त्याला हा आरसा दिवसभर. फायटर मासा स्वतःच्याच प्रतिबिंबावर कल्ले फुगवून धावून जातो, ते पाहिलंय ना तुम्ही?”

“म्हणजे रंगवायचंच.” मामा खूश झाला. “बोल, काय काढू? प्रवाळ? शंख-शिंपले? मागे एखादी बुडालेली होडी?”

“काही नको. सपाट काळा रंग द्या.”

मामानं हातातला ब्रश खाली ठेवला. “काळं फासायला आखणीवाला कशाला पाहिजे? चुन्याचा पोचारा मारणारा आण.”

खरं भांडण इथून सुरू झालं. मामाचं आयुष्य बघितल्या जाणाऱ्या वस्तू करण्यात गेलं आहे. मूर्ती दर्शनासाठी असते. तिची पाठ भिंतीकडे, तोंड भक्ताकडे. पाठीला रंग लागतो तोही बेताचाच. त्याच्या हिशेबानं टाकीसुद्धा माणसानं घरात मांडलेली शोभेची वस्तू आहे, आणि शोभेच्या वस्तूमागे सपाट काळं ठेवणं हा आळस आहे. भाचीचा हिशेब उलटा. आपण टाकीसमोर दिवसाकाठी किती वेळ उभे राहतो? मासा चोवीस तास त्याच चौकोनात असतो.

“जिताड्याच्या तळ्यामागे कोणी चित्र लावतं का?” तिनं विचारलं. इथल्या खाडीकाठच्या खारेपाटात घराशेजारच्या तळ्यात जिताडा वाढवण्याची रीत जुनी आहे. पाणी गढूळ, काठाला चिखल, आणि मासा झकास वाढतो.

“जिताडा बघायला नसतो, पोरी. खायला असतो.”

या उत्तरावर भाचीजवळ तत्काळ काही नव्हतं. मग ती इतिहासात शिरली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून पाणी दीर्घकाळ न बदलता टिकवता येतं हे दाखवलं. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यघर उघडलं, पाठोपाठ फिलिप हेन्री गॉसचं पुस्तक आलं आणि काचेच्या टाकीचं वेडच इंग्लंडभर पसरलं. पण वॉरिंग्टननं पुढे ज्या टाक्या सुचवल्या त्यांना काच फक्त समोर होती. पाठ आणि बाजू पाटीच्या काळ्या दगडाच्या. नदीत किंवा डबक्यात उजेड वरून येतो, चारी बाजूंनी नाही, हे त्याचं म्हणणं. चहूकडून उजेड आला की शेवाळ माजतं, हेही त्याला दिसलं होतं. खिडकीपाशी टाकी ठेवणाऱ्या कुणालाही ते पंधरा दिवसांत दिसतं.

“म्हणजे पहिल्या-पहिल्या मत्स्यालयांतलीही काही पाठीला काळी होती,” ती म्हणाली.

“पहिला गणपतीही नुसत्या मातीचा असेल. म्हणून मी रंग द्यायचा थांबू?”

तरीही भाचीकडे एक जड पुरावा होता, आणि तो तिनं नीट मांडला. फ्रान्सिस समनर या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं गंबुजिया मासे घेतले. हे तेच छोटे मासे, जे डासांच्या अळ्या खातात म्हणून जगभर डबक्यांत सोडले गेले. आपल्याकडे आरोग्य खात्याची माणसं त्याच कामासाठी गप्पी सोडतात. समनरनं काही मासे काळ्या टाकीत आणि काही पांढऱ्या टाकीत ठेवले. काळ्यातले गडद झाले, पांढऱ्यातले फिके. मग दोन्ही एकत्र सोडून त्यांच्यावर पेंग्विन सोडला. पार्श्वभूमीशी न जुळणारे मासे जास्त खाल्ले गेले. हे काम 1934 साली प्रसिद्ध झालं.

यामागची यंत्रणाही आता बरीच उलगडली आहे. माशाचा डोळा वरून येणारा उजेड आणि आजूबाजूनं परतणारा उजेड यांची तुलना करतो. पार्श्वभूमी फिकी असेल तर मेंदूतून एक संप्रेरक सुटतं आणि त्वचेतल्या पेशींमधले काळे कण पेशीच्या मध्यभागी गोळा होतात. मासा फिका दिसतो. पार्श्वभूमी गडद असेल तर तेच कण पसरतात. हे संप्रेरक जपानी संशोधकांनी 1983 साली सामन माशापासून वेगळं काढलं.

“थोडक्यात, पांढऱ्या टाकीत मासा घाबरून पांढरा पडतो.”

“घाबरून नाही, लपायला. पण रंग उतरतो हे खरं. ज्या रंगासाठी आपण मासा आणला, तोच उतरतो.”

“हां!” मामानं तिला बरोबर पकडलं. “म्हणजे तुलाही शेवटी बघायलाच हवंय. माशाचं नाव पुढे करतेस आणि रंग स्वतःला पाहिजे.”

मामाचा हा टोला वरवरचा नव्हता. मत्स्यपालनाच्या सल्ल्यांत ‘माशाच्या आरोग्यासाठी’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यातला काही भाग खरोखर माणसाच्या डोळ्यासाठीच असतो. आणि काळा रंग हा काही सगळ्यांचा नियम नाही. जपानचा ताकाशी अमानो (1954–2015) पाण्याखालच्या बागा मांडून त्यांचे फोटो काढायचा. त्याच्या कित्येक टाक्यांमागे काही चितारलेलं नाही, नुसता दुधाळ उजेड आहे. पण त्या टाक्यांत नायक वनस्पती. मासे नंतर.

भाची एक पायरी खाली उतरली. “ठीक आहे. काळा नको, पण गडद ठेवा. आणि मासे काढू नका. लाल तर नकोच.”

“लाल का नको? जास्वंदीचा लाल मी जसा लावतो तसा पंचक्रोशीत कोणी लावत नाही.”

म्हणून तिनं त्याला निको टिनबर्गनची गोष्ट सांगितली. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात स्टिकलबॅक नावाचे छोटे मासे टाक्यांत ठेवले होते. विणीच्या काळात या नराचं पोट लाल होतं आणि दुसरा लाल पोटाचा नर दिसला की तो धावून जातो. टिनबर्गननं लाकडाचे नुसते ठोकळे पाण्यात धरले. माशासारखा आकारही नाही, फक्त खालची बाजू लाल. नर त्यांच्यावर तुटून पडले. इतकंच नाही, तर खिडकीबाहेरून टपालखात्याची लाल गाडी गेली तरी टाकीतले नर तिच्या बाजूनं झेपावायचे. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी टिनबर्गनला 1973 साली नोबेल मिळालं.

“गप्पी म्हणजे स्टिकलबॅक नव्हेत,” ती प्रामाणिकपणे म्हणाली. “गप्पींना लाल दिसला म्हणून ते मारामारी करतील असं मी म्हणत नाही. पण काचेमागे काय आहे ते माशाला दिसतं आणि तो त्याला उत्तर देतो. तिथे आपण उगाच काहीतरी बडबडत राहू नये.”

मामा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्यानं जे सांगितलं ते भाचीला अपेक्षित नव्हतं. रिकामी टाकी समोरून निरखत तो म्हणाला, “लाल मीही लावणार नव्हतो. मागचा पडदा पुढच्या नटापेक्षा उठून दिसला तर तो पडदा चुकला.”

ही त्याच्या धंद्यातली जुनी समज आहे. मराठी नाटकाच्या वैभवाच्या काळात रंगवलेले पडदे हा मोठाच कारभार होता. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावंडांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नाव काढलं आणि मग ते सिनेमाकडे वळले. लांबचं ते धूसर, थंड आणि कमी उठावाचं ठेवायचं, म्हणजे रंगमंच खोल वाटतो. टाकीला तर याची जास्तच गरज. पाण्यामुळे बारा इंचांची खोली समोरून पाहणाऱ्याला साधारण नऊ इंचांची भासते. मागची काच आपल्या अंगावर येते. तिच्यावर ठळक रेघांचं प्रवाळ काढलं तर मासा चित्राला चिकटल्यासारखा दिसेल. कडा विरघळलेल्या, निळसर-राखाडी, वर जाता जाता काळवंडत गेलेलं काहीतरी काढलं तर हरवलेले तीन इंच परत मिळतील.

भाची जीवशास्त्रातून जिथे पोचली होती, मामा चित्रकलेतून जवळपास तिथेच पोचला. दोघांनाही ते फारसं आवडलं नाही.

विषय ठरला. प्रवाळ बाद, कारण गप्पी त्रिनिदाद बेटाच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला. प्रवाळाशी त्याचा काही संबंध नाही. त्याऐवजी मामाला रोज दिसणारं काढायचं, पावसाळ्यानंतरच्या ओढ्याचा तळ: काळा कातळ, त्यावरचं तपकिरी शेवाळ, काठावरून पाण्यात उतरलेली मुळं. सह्याद्रीतून पेणकडे उतरणाऱ्या ओढ्यांत असा कातळ हवा तेवढा आहे.

मग मामानं सवयीनं काळ्या रंगाचा डबा उघडला, आणि तसाच थांबला.

काच मागून रंगवायची आणि बघायची पुढून. म्हणजे पहिल्यांदा जो रंग काचेला लागेल तोच सगळ्यात वर दिसणार. मूर्तीवर अंगाचा रंग आधी आणि डोळ्यातली चमक शेवटी. इथे चमक आधी, मग मुळाची बारीक रेघ, मग शेवाळ, मग दगड, आणि ज्याला ‘पाया’ म्हणतात तो काळा हात सगळ्यात शेवटी. वर्षानुवर्षं हाताला लागलेला क्रम शेपटीकडून धरायचा. मूर्तीवर एखादी रेघ चुकली तर तिच्यावरून रंग मारता येतो. इथे वाळलेली चूक कायम पहिल्या रांगेत बसते. ओली असतानाच कापसानं पुसली तर पुसली.

ही कला आपल्याकडे नवी नाही. काचेच्या मागून उलट्या क्रमानं चित्र काढण्याची रीत अठराव्या शतकात चिनी कारागिरांमार्फत पश्चिम भारतात आली आणि इथल्या चित्रकारांनी तिच्यात देवदेवता, सरदार, नायिका रंगवल्या. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी काचचित्रं आहेत. त्यांच्यासमोर उभं राहताना क्वचितच कुणाला सुचतं की चितारणाऱ्यानं आधी नथीतला मोती काढला आणि चेहरा नंतर.

आणि डावं-उजवं? तेही उलटतं. मामाच्या ते लक्षात आलं तेव्हा तो स्वतःशीच हसला. “बरं झालं गणपती काढायला नाही सांगितलास. मी आपला सवयीनं डाव्या सोंडेचा काढला असता, पलीकडून तो उजव्या सोंडेचा दिसला असता, आणि त्याचं सोवळं तुझ्या आईनं पाळलं असतं.”

रंग कोणता घ्यायचा, यावर मात्र भाचीनं जराही ढील दिली नाही, आणि लेखकाचं मतही इथे तिच्या बाजूचं आहे. काचेच्या बाहेरच्या बाजूला पाण्यात विरघळवून लावायचा ॲक्रिलिक रंग चालतो. पाण्याशी त्याचा संबंधच येत नाही. काच आधी स्पिरिटनं पुसायची, कारण बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथला रंग सोलून निघतो. कडेच्या सिलिकॉनवर रंग धरत नाही, तिथे मास्किंग टेप. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ तीन बरे, आणि प्रत्येक वाळू द्यायचा. दगडाचा खडबडीतपणा ब्रशनं येत नाही, स्पंजच्या तुकड्यानं टिपून येतो. शेवटचा काळा हात भरीव हवा, नाहीतर मागून उजेड आला की ब्रशचे फराटे दिसतात. पुढे कंटाळा आला तर ओलं करून ब्लेडनं सोलायचं, पापुद्रा निघून येतो. काचेवर ॲक्रिलिकची पकड मुळातच कच्ची असते. नखानंही ओरखडा पडतो, म्हणून टाकी उचलणाऱ्या माणसांना आधीच ताकीद द्यायची.

आतल्या बाजूला रंग? “बिलकूल नाही,” भाची म्हणाली.

मामाला थोडं सोनेरी आत हवं होतं, दगडाच्या फटीत, उजेड पडला की लकाकेल असं. कारखान्यात सोनेरीला तोटा नाही. पण जुन्या पद्धतीची सोनेरी पूड म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण असतं, आणि तांबं हे पाण्यातल्या जिवांना फार थोड्या प्रमाणात भोवतं. माशांच्या अंगावरचे परजीवी मारायला तांब्याचंच औषध देतात; त्याचं प्रमाण लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या पाचव्या भागाच्या आसपास, आणि तेवढ्यानंही गोगलगायी व कोळंबी मरतात. शिशाचं तर बोलायलाच नको. घरगुती रंगांत शिसं दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम भारतात 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा एखादा डबा कुठल्या फळीवर पडून असेल तर तो टाकीच्या जवळपासही आणू नये.

एवढं झाल्यावर मामा कारखान्यातून प्लॅस्टरचा एक उंदीर घेऊन आला. मूर्तीपासून सुटा राहिलेला, बिनरंगाचा, मोदक धरलेला. “हा तरी ठेव वाळूत. रंग नाही, काही नाही.”

“प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात थोडं थोडं विरघळतं, मामा. लिटरला दोन ग्रॅमच्या वर. माझ्या टाकीत शंभरेक ग्रॅम सहज उतरेल. पाणी जड होईल.”

“गप्पीला जड पाणी चालतं, तूच म्हणाली होतीस.”

चालतं. गप्पी त्यात तरून जाईल. निऑन टेट्रासारखा मऊ पाण्यातला मासा त्रासेल. भाचीनं ते कबूल केलं, पण उंदीर परत केला. तेवढ्यावरून बोलणं जिथे जायचं तिथे गेलंच. जोह्यात प्लॅस्टरचा विषय निघाला की टाकी, मासे, चित्र सगळं मागे पडतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 12 मे 2020 रोजी विसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यांत प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली. पुढची पाच वर्षं या पट्ट्यातल्या कारखानदारांची दर हंगामाला धाकधूक. 9 जून 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात त्यांचं विसर्जन नको असं सांगून. मामाचं म्हणणं सरळ आहे: शाडू जड, वाळायला वेळ घेतो, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून ट्रकमध्ये जाताना हात-कान मोडतात. प्लॅस्टर हलकं, स्वस्त, साच्यातून झटपट निघतं. त्याच्यावर इथल्या बायकांना बारा महिने रंगकाम मिळतं. शाडूवर तेवढी माणसं पोसली जातील का, ते त्याला कोणी सांगितलेलं नाही. भाचीचं म्हणणंही सरळ आहे: विसर्जनानंतर काठावर येऊन पडलेले अर्धे गणपती तिनं पाहिले आहेत. मधली वाट काढायचे प्रयत्न होतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लॅस्टरची मूर्ती विरघळवण्याची पद्धत दिली. खाली चुनखडीसारखा गाळ राहतो आणि वरचं पाणी झाडांना खत म्हणून देता येतं. घरच्या मूर्तीला बादली पुरते. वीस फुटी मूर्तीला काय पुरणार, हा प्रश्न मामानं विचारला आणि तो बरोबर आहे.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही बोलण्यातून निसटली. मामा ज्या वस्तूंवर रंग चढवतो त्या दीड, पाच, सात किंवा दहा दिवसांनी पाण्यात जायच्या असतात. तो रंग पाण्यात उतरायला नको होता आणि उतरत राहिला. या टाकीच्या पाठीवर तो पहिल्यांदा असं काही रंगवत होता, ज्याच्यापासून पाणी पाच मिलिमीटर जाडीच्या काचेपलीकडे कायम राहणार आहे.

संध्याकाळपर्यंत शेवाळ आणि मुळं झाली. दगड व्हायचे होते. वाळायला ठेवून चहा घेताना भाचीनं शेवटचा मुद्दा काढला. खरं तर तो तिनं आधीच काढायला हवा होता.

जॉन एंडलर या संशोधकानं प्रिन्स्टनमध्ये काचघरातल्या कृत्रिम तळ्यांत गप्पी सोडले. काही तळ्यांच्या तळाशी बारीक खडी, काहींच्या तळाशी मोठी. काही तळ्यांत गप्पी खाणारा मोठा मासाही सोडला. पिढ्या जात राहिल्या. जिथे खाणारा होता तिथे गप्पींच्या अंगावरचे ठिपके हळूहळू खडीच्या मापाचे झाले, बारीक खडीत बारीक, मोठ्या खडीत मोठे. पार्श्वभूमीनंच मासे रंगवले. हा निबंध 1980 सालचा.

मामाचा चहा निवला. “किती दिवसांत?”

“दिवसांत नाही, पिढ्यांत. पण गप्पीची पिढी काही महिन्यांचीच. वर्ष-सव्वा वर्षात फरक दिसला.”

“आणि जिथे खाणारा नव्हता?”

“तिथे उलटं झालं. ठिपके खडीशी जुळेनासे झाले. मोठे, भडक. माद्यांना भपकेबाज नर आवडतात, आणि भपका केला म्हणून खायला कोणी येत नव्हतं.”

“तुझ्या टाकीत खाणारा कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मग झालं तर.” मामानं ब्रश उचलला. “माद्यांना भपका चालतो, नरांना चालतो, मला चालतो. एकटी तूच राहिलीस. त्या कोपऱ्यातल्या दगडावर पिवळ्या शेवाळाचा एक ठिपका मी देणार.”

दिला. सगळे दगड त्याच्यावरून चढणार होते, त्यामुळे काचेच्या पुढून तो सर्वांत आधी दिसणार होता, आणि तो आता पुसता येणार नव्हता. भाचीनं समोर जाऊन बघितलं, जरा डोकं कलतं केलं, आणि वाळूत त्या कोपऱ्यात जावा मॉसचा मोठा गोळा बांधायचं ठरवून टाकलं, जेणेकरून वाढल्यावर तो ठिपका झाकला जाईल. हे तिनं मामाला सांगितलं नाही.

शेजारच्या पोस्टरवाल्यानं दुसऱ्या दिवशी येऊन चौकशी केली. आपल्यालाही असं करून द्याल का, पण प्रवाळ आणि डॉल्फिन हवेत. मामानं भाचीकडे पाहिलं. तिनं एवढंच सांगितलं की बाहेरच्या बाजूनं काढणार असाल तर काय वाटेल ते काढा, त्याची टाकी त्याची. नुसता काळा रंग देऊन हवा असेल तर किती घ्याल, असंही त्या माणसानं विचारून ठेवलं.

“त्याचे जास्त पडतील,” मामा म्हणाला. “त्यात मला करायला काही मिळत नाही.”